खोलीत माणसं किती

गोंद थांबत थांबत सरकतो हे पहिल्यांदा तिने पाहिलं, असं सर चारचौघांत सांगत. ती स्वतः असं कधी म्हणाली नाही. पण सर म्हणाले की तिला बरं वाटे, आणि गेल्या चौदा महिन्यांत बरं वाटावं असं दुसरं फारसं काही घडलं नव्हतं.

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालून डावीकडे वळलं की तळघरात एक खोली लागे. दहा फूट बाय आठ फूट. जाड दार, खिडकी नाही, आणि रात्रंदिवस तेवीस अंश तापमान. आत लोखंडी चौकटीला धातूच्या पट्ट्यांच्या सहा जोड्या ओळीने टांगलेल्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या दोन पट्ट्या इंचभर एकमेकींवर चढवून गोंदाने चिकटवलेल्या, आणि खालच्या पट्टीला वीस किलोचं वजन. वजन ओढणार, गोंद धरून ठेवणार, आणि या ओढाताणीत तो केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढा कधीतरी सरकणार. तेवढंही संगणक दर दहा मिनिटांनी टिपून ठेवी. गाड्यांचे आणि विमानांचे भाग हल्ली खिळ्यांऐवजी गोंदाने जोडतात. तो गोंद वीस वर्षांनी कुठवर सरकलेला असेल हे आज सांगता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

ओळीतल्या शेवटच्या चार जोड्या बाजारात मिळणाऱ्या गोंदाच्या होत्या. त्यांची आलेखावरची रेघ संथ, उतारासारखी सरळ. पहिल्या दोन जोड्यांना मात्र तिने स्वतः घोटलेला, बारीक भुकटी मिसळलेला नवा गोंद लावला होता, आणि त्यांच्या रेघेला पायऱ्या पडत होत्या. गोंद जवळजवळ निपचित पडून राही, मग तासाभरात एकदम एक टप्पा सरके, पुन्हा निपचित. कधी दिवसात दोन पायऱ्या, कधी दोन दिवसांत एकही नाही. वेळ ठरलेली नव्हती, म्हणून बाहेरच्या उन्हावर किंवा विजेच्या दाबावर खापर फोडायलाही जागा नव्हती. तिने ते फोडून पाहिलं होतं. दाराजवळचा तापमापक चौदा महिने तेवीसच्या आकड्याला चिकटून होता.

सरांनी त्यावर एक मांडणी उभी केली. भुकटीचे कण ताण साठवतात आणि असह्य झाला की एकदम सोडून देतात. तिचा प्रबंध या मांडणीवर उभा होता. एक मोठा लेखही तयार होऊन परदेशी नियतकालिकाकडे गेला होता. पायऱ्या खऱ्या असतील तर तिची पीएचडी झाल्यात जमा होती. चार वर्षं संपत आली होती आणि पायऱ्या सोडल्या तर तिच्या हाती दुसरं काहीही नव्हतं.

तिच्यासकट विभागात पाच जण लागले होते. एकाला नोकरी मिळाली, एकीने लग्न करून मुक्काम हलवला, एकाने मार्गदर्शकाशी भांडून वेगळी चूल मांडली, आणि एकजण वेळेत प्रबंध देऊन गेला. ती उरली. नवी मुलं तिला ताई म्हणत, जिन्यात भेटली की वाट देत आणि ती पुढे गेली की पुन्हा हसायला लागत. मागे तिला 'तळघरवाली' म्हणतात हे तिला ठाऊक होतं. त्यात वाईट हेतू नव्हता, पत्ता बरोबर होता.

उपाहारगृहात चौघांच्या टेबलाशी ती एकटी बसे. एकदा एक मुलगा आला, "ही खुर्ची घेऊ का?" म्हणाला, घेऊन गेला. मग दुसरा आला. मग तिसरा. तिघेही अदबीने बोलले. पाच मिनिटांत तिच्यासमोर एवढं मोठं टेबल आणि खुर्ची एकच. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन तळघरात उतरली.

खोलीत एक उंच स्टूल होतं, चौकटीच्या पहिल्या टोकाशी, पट्ट्या बसवताना लागायचं म्हणून ठेवलेलं. त्यावर बसून ती जेवली. मग तसंच होत गेलं. जेवणाची वेळ नक्की नसे. वर सगळे घोळक्याने बाहेर पडले की ती खाली जाई. कधी संध्याकाळी घरी फोन झाला की पुन्हा जाई. रविवारी इमारत रिकामी असे तेव्हा तर जाईच. त्या खोलीत बसू नये असा नियम नव्हता. तिथे कुणाला बसावंसं वाटेल, हेच नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

किल्ली मिस्त्रींकडे असे. मिस्त्री कार्यशाळेत तीस वर्षं होते, आणि किल्लीबरोबर एक वही पुढे सरकवायची त्यांची पद्धत होती. तारीख, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, काम काय. कामाच्या रकान्यात ती 'निरीक्षण' लिही. रविवारची किल्ली ते तिच्याकडेच देऊन ठेवत, वहीसकट. मिस्त्रींच्या नजरेतून काही सुटत नसे, पण त्यांनी कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाले होते, "ताई, ती खोली गोंदासाठी बांधलीय. माणसाने जरा उन्हात बसावं." तिने हसून वेळ मारून नेली.

मग वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ती नऊ दिवसांसाठी घरी गेली. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच.

घरी तिच्या कामाला 'डिंकाचं शिक्षण' म्हणत. वहिनीची जीभ तिखट होती आणि मन बरं होतं. पहिल्याच दिवशी वाढता वाढता तिने टोमणा मारला, "चार वर्षं डिंक कसा चिकटतो ते बघतेयस. तोवर एखादं माणूस नाही का चिकटलं कुठे?" दादा हसला. डोळ्यावर पट्टी बांधलेले वडीलही हसले. आई हसली नाही. रात्री अंथरुणं घालताना तिने हळूच विचारलं, वेळेवर जेवतेस ना? हो म्हणाली. कुणाबरोबर जेवतेस? सगळे असतात की गं, ती म्हणाली. आईने उशीला अभ्रा चढवला आणि विषय सोडून दिला.

सातव्या दिवशी सरांचा फोन आला. लेख स्वीकारला होता. छपाईपूर्वीची शेवटची तपासणी पुढच्या शुक्रवारपर्यंत करून पाठवायची होती. दादाने ही बातमी शेजारच्या काकांपासून गल्लीच्या टोकापर्यंत पोचवली. वडिलांनी तिचा हात चाचपून धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परत आल्यावर ती आधी तळघरात गेली. संगणकाच्या पडद्यावर नऊ दिवसांची रेघ होती. सरळ. एकही पायरी नाही.

पहिला विचार आला तो बिघाडाचा. तिने तारा तपासल्या, सांधे तपासले, सहाही जोड्यांची मोजमापं हाताने पुन्हा घेतली. तासभर गेला. सगळं ठणठणीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पायरी आली होती. काल दुपारी, साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान.

त्या वेळी ती खोलीत होती.

तिच्या डोक्यात त्या क्षणी गोंद आला नाही. मार्च महिना आला. मार्चमध्ये चार दिवसांची रेघ अशीच सपाट आली होती आणि तिने ते चार दिवस 'नोंदीत दोष' म्हणून आलेखातून काढून टाकले होते. त्या चार दिवसांत ती तापाने वसतिगृहावर पडून होती. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं तिला तेव्हा सुचलं नव्हतं. तापाचं कुणाला सांगितलंही नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सुचण्याचा प्रश्न नव्हता.

तिने मिस्त्रींकडे वही मागितली आणि दोन दिवस ती आलेखाशी ताडून पाहिली. चौदा महिन्यांच्या वहीत तिची सही तीनशेहून जास्त वेळा होती. वीस मिनिटांपेक्षा जास्त ती जेव्हा जेव्हा आत बसली होती, तेव्हा तेव्हा पायरी होती. ती आत नसताना पडलेली पायरी शोधून सापडली नाही. लेखात जिचं वर्णन 'अनियमित' असं केलं होतं ती वेळ अनियमित होतीच, कारण तिला एकटं वाटायची वेळ ठरलेली नव्हती.

उबेने गोंद सैलावतो हे उघड होतं, तरी खात्री करायला हवी होती. शांत बसलेलं माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतं, हे तिने पदवीच्या दुसऱ्या वर्षाला परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ती मिस्त्रींकडे जुन्या तारेचा शंभरचा दिवा मागायला गेली.

"दिवा?" मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "आता आणखी कसला उजेड पाडताय?"

"उजेड नकोय. गरम व्हायला हवा."

त्यांनी अडगळीतून दिवा काढून दिला, वर पत्र्याचं एक झाकणही दिलं. तिने तो स्टुलावर ठेवला, जिथे ती बसे तिथे, आणि पन्नास मिनिटं दाराबाहेर उभी राहिली. पायरी आली. उंचीने नेहमीइतकीच. मग तिने स्टूल दिव्यासकट ओळीच्या दुसऱ्या टोकाला, बाजारच्या गोंदाजवळ नेलं. दुसऱ्या दिवशी बाजारच्या गोंदालाही पायरी पडली.

म्हणजे नव्या गोंदात काही विशेष नव्हतं. तो फक्त स्टुलाच्या जवळ होता. तापमापक पार दाराशी, वातानुकूलन यंत्राच्या झोतात, त्यामुळे खोलीच्या या कोपऱ्यात कुणी बसलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. आणि जवळ बसलेली ती आहे की दिवा, याच्याशी गोंदाला काही देणंघेणं नव्हतं.

हे सगळं बुधवारी संध्याकाळी पक्कं झालं. शुक्रवारी लेख जायचा होता.

त्या रात्री झोप आली नाही, पण ती रडलीही नाही. तिने शांतपणे विचार केला, आणि तोच विचार तिला घाबरवणारा ठरला. प्रयोग ठरल्याप्रमाणे आणखी दोन महिने चालणार होता. ती पूर्वीसारखी खाली जात राहिली तर पायऱ्या पडत राहतील. सर खूश, घरचे खूश, समिती खूश. नऊ सपाट दिवस मार्चच्या चार दिवसांच्या शेजारी 'नोंदीत दोष' म्हणून झोपी जातील. तिला एक अक्षरही खोटं बोलावं लागणार नव्हतं. फक्त जेवावं लागणार होतं.

आणि खरं सांगायचं तर चूक कबूल करणं तिला तितकं जड वाटत नव्हतं. चुका होतात, प्रबंधात त्यांना वेगळं प्रकरण असतं. जड होतं ते चुकीचं कारण. सर पहिला प्रश्न विचारतील, तू तिथे काय करत होतीस? त्याचं उत्तर तिने आईलाही दिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती सरांच्या दारात उभी राहिली. सर निवृत्तीला आलेले, बोलायला तुटक, पण आलेखावर जीव टाकणारे. टेबलावर तिच्याच लेखाची पानं पसरलेली होती. ये ये, म्हणाले, चौथ्या आकृतीतली अक्षरं फार बारीक झालीत.

"सर, पायऱ्या गोंदाच्या नाहीत."

"मग कुणाच्या आहेत?"

"माझ्या."

तिने वही, आलेख आणि दिव्याच्या प्रयोगाचे कागद पुढे ठेवले आणि क्रमाने सांगितलं. सरांनी वही पुढ्यात घेतली. पानं उलटली, मागे जाऊन पुन्हा उलटली. दिव्याच्या दुसऱ्या प्रयोगाशी त्यांचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. मग सरांनी कोरा कागद ओढला. चेहरा पडलेला होता, पण हात नेहमीच्या कामाला लागला होता.

"खोलीत माणसं किती?"

"एक."

"नेहमी?"

"नेहमी."

सरांनी मान हलवली. हे पुरेसं नाही, ते म्हणाले. तिचं म्हणणं खरं असेल तर दोन माणसं बसली त्या दिवशीची पायरी मोठी यायला हवी. तशी एक जरी दाखवता आली तर मुद्दा निर्विवाद होईल. "आठवून बघ. एखादी मैत्रीण आली असेल डबा घेऊन. नवी मुलं असतात इतकी. कुणीतरी गप्पा मारायला आलं असेल."

ते परीक्षकाच्या आवाजात विचारत होते. त्यांना खरोखरच मोठी पायरी हवी होती.

"कुणी नाही आलं, सर," ती म्हणाली. "चौदा महिन्यांत एकदाही नाही. उंची बघा ना. सगळ्या सारख्या आहेत."

सरांनी आलेख जवळ घेतला. पट्टी लावून एक पायरी मोजली, दुसरी मोजली, दहावी मोजली. मग पट्टी बाजूला ठेवली आणि मिस्त्रींच्या वहीचा शेवटचा रकाना वरून खाली वाचत गेले. निरीक्षण, निरीक्षण, निरीक्षण. तारखांमधले रविवारही त्यांनी पाहिले असावेत.

"काय करत होतीस एवढा वेळ?"

"जेवत होते."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मला वाटायचं, तू फार काम करतेस," ते म्हणाले.

 चष्मा चढवून ते पुन्हा मार्गदर्शक झाले. लेख आजच मागे घ्यायचा. पत्राखाली पहिली सही त्यांची, कारण तापमापक दाराशी बसवायला त्यांनीच सांगितलं होतं. समितीकडे एक वर्षाची मुदतवाढ मागायची, समिती कुरकुर करेल आणि देईल. नव्या पट्ट्या, नवा तापमापक, सगळं पहिल्यापासून. आणि कारणाचं वाक्य तिने लिहायचं, आत्ता, इथेच.

तिने लिहिलं, 'खोलीतील मानवी उपस्थितीमुळे तापमानात स्थानिक वाढ झाली.' सरांनी ते वाचून परत दिलं. असं मोघम नको, म्हणाले. कोण, कितीजण, कुठे, किती वेळ. नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाला हे तपासून बघता येणार नाही. ते बरोबर बोलत होते. तिने दुसरं वाक्य लिहिलं. 'चौदा महिन्यांच्या काळात संशोधक, एक व्यक्ती, पहिल्या नमुन्यापासून दोन फुटांवर, दर वेळी सरासरी पन्नास मिनिटे बसत असे. त्या वेळी खोलीत अन्य कोणीही नसे.'

सरांनी ते दोनदा वाचलं. 'अन्य कोणीही नसे' यावर त्यांचं पेन घुटमळलं. खोडावं की ठेवावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, एवढं तिला दिसलं. उष्णतेच्या गणितात ते शब्द लागतच होते. त्यांनी पेन उचललं आणि खाली सही केली.

पत्र गेलं. घरी तिने फोनवर सांगितलं की लेख मागे घेतला, चूक निघाली, वर्ष वाढेल.  दादा म्हणाला, बरं झालं आधी निघाली ते. वहिनीने फोन घेऊन विचारलं की मग आता पुन्हा पहिल्यापासून डिंक? हो, पहिल्यापासून. वहिनी या वेळी टोमणा न मारता म्हणाली, "ये मग मधेच चार दिवस. तुझ्यावाचून अडत नसेल त्याचं." तिच्यावाचून त्याचं खरंच अडत नव्हतं, उलट सुधारत होतं, पण हे फोनवर समजावणं कठीण होतं.

तीन आठवड्यांनी नव्या सहा जोड्या टांगून झाल्या. या वेळी नवा आणि जुना गोंद आलटून पालटून. तापमापक सहा, प्रत्येक जोडीशी एक. स्टूल मिस्त्रींनी उचलून कार्यशाळेत नेलं. तार भिंतीतून बाहेर काढून पडदा दाराबाहेर बसवला, म्हणजे आकडे बघायला आत जायला नको. दारावर सूचना लावली. मजकूर तिचा, अक्षर मिस्त्रींचं. आत दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये.

सोमवारी एक वाजता तिने शेवटचं वजन अडकवलं, दार लावलं, वहीत दोन मिनिटांची नोंद केली आणि कामाच्या रकान्यात 'वजन लावले' असं लिहिलं. पडद्यावर सहा रेघा सुरू झाल्या. निदान पहिला तासभर कुणीही खोलीकडे फिरकता कामा नये, हे तिनेच ठरवलं होतं.

वर मुलं घोळक्याने बाहेर पडत होती. डबा तिच्या हातात होता. कार्यशाळेत मिस्त्री भिंतीकडे तोंड करून कानस चालवत होते. तिथे गेली असती तर त्यांनी जागा केली असती, हे तिला कळत होतं. पण तीनशे वेळा ज्यांनी विचारलं नाही, त्यांच्यासमोर बसून जेवायला अजून काही दिवस जायला हवे होते. ती मागच्या दाराने बाहेर आली आणि इमारतीला फेरी मारू लागली. ऊन बरं होतं. एका फेरीला अकरा मिनिटं लागली. पाच-सहा फेऱ्यांनी तास होईल, असं मनाशी धरून तिने दुसरी फेरी सुरू केली.